कुत्र्यानं काय खाल्लं?

पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की यवतमाळ जिल्ह्यातल्या वावरांमध्ये फवारणीची घाई उडते. धुऱ्यावर पाण्याचा ड्रम, शेजारी बादली, बादलीत काडीनं ढवळलेलं पांढुरकं पाणी. बाटलीच्या तोंडावरची चांदी फाडून तिथंच मातीत टाकलेली. गडी पंप पाठीवर चढवून तासात शिरतो आणि धुऱ्यावर कुत्रं एकटं राहतं. पावसानं उघडीप दिलेली असते, ऊन चटचट लागत असतं. बादलीच्या तळाशी दोन बोटं पाणी उरलेलं असतं. तहानलेलं कुत्रं त्यात चार वेळा जीभ मारतं आणि तिथल्याच ओल्या मातीत अंग टाकतं.

अर्ध्या तासात, फार तर दोन-चार तासांत त्याच्या तोंडाला लाळेच्या तारा लागतात. डोळ्यांतून पाणी गळतं, पोट आवळून आवळून पातळ संडास होते, लघवी बसल्या जागी होते. डोळ्यात पाहिलं तर बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालेली दिसते. मग मांडीचे स्नायू कातडीखाली फडफडू लागतात, मागचे पाय लटपटतात, श्वासाला घरघर लागते. घरात एकच धावपळ होते. कोणी म्हणतं मिठाचं पाणी पाजा, कोणी म्हणतं ताक, कोणी तुपाची वाटी घेऊन येतं. लळा लागलेल्या मुक्या जिवाचे हाल पाहवत नाहीत, काहीतरी करावंसं वाटतंच. पण त्या घटकेला सगळ्यांत मोलाची वस्तू धुऱ्यावर पडलेली असते. ती म्हणजे औषधाची रिकामी बाटली. तिच्यावर विषाचं नाव छापलेलं आहे, आणि नाव कळल्याशिवाय उपचाराला दिशा मिळत नाही.

हा जिल्हा ही गोष्ट माणसांचे जीव देऊन शिकला आहे. २०१७ च्या खरिपात, जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान, फवारणीतून झालेल्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले, त्यांतले बरेच वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. काहींना काही दिवस डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती, हवा दमट होती, बॅटरीच्या पंपाचा फवारा तोंडावर येत होता आणि एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळली जात होती. पुढे सरकारनं विशेष तपास पथक नेमलं आणि पश्चिम विदर्भात पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं, अ‍ॅसिफेट होतं, डायफेन्थियुरॉन होतं, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही दोन मिश्रणं होती. त्या दिवसांत डॉक्टरांपुढची एक मोठी अडचण हीच होती की रुग्णाच्या अंगात नेमकं कुठलं औषध गेलंय ते कळत नव्हतं. माणसाला निदान विचारता तरी येतं, कुत्र्याच्या बाबतीत ते आपल्यालाच सांगावं लागतं.

वर सांगितलेली लाळ, पाणी, संडास, बारीक बाहुली ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या औषधांची लक्षणं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट, क्लोरपायरीफॉस आणि दाणेदार फोरेट ही सारी याच घरातली. मज्जातंतूच्या टोकाशी निरोप पोचला की तिथून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. ते ग्रंथीला पाझरायला सांगतं, स्नायूला आवळायला सांगतं. काम झालं की एक एन्झाइम ते क्षणात मोडून टाकतं, आणि म्हणून आपली हालचाल आटोक्यात राहते. हे विष त्या एन्झाइमलाच धरून बसतं. मग निरोप थांबतच नाही. ग्रंथी पाझरत राहतात, आतडी आवळत राहतात, स्नायू थरथरून थरथरून थकतात. शेवटी जीव जातो तो बहुतेक वेळा श्वासापायी: नळ्यांमध्ये पाणी साठतं आणि छाती हलवणारे स्नायू लुळे पडतात.

यावर अ‍ॅट्रोपिन हे औषध आहे, आणि ते खरंच जीव वाचवतं. ते ग्रंथींना त्या निरोपापासून तोडतं. पशुवैद्य ते एकदा देऊन थांबत नाहीत. छातीतली घरघर कमी होईपर्यंत पुन्हा पुन्हा देतात. बाहुली मोठी झाली म्हणजे काम झालं, असं धरायचं नसतं, फुप्फुस मोकळं झालं का, ते पाहायचं असतं. अ‍ॅट्रोपिननं स्नायूंचा लुळेपणा मात्र जात नाही. त्यासाठी प्रॅलिडॉक्झिम लागतं, जे विषाची एन्झाइमवरची पकड सोडवतं. ही पकड वेळ जाईल तशी पक्की होत जाते, मोनोक्रोटोफॉससारख्या औषधात तर काही तासांतच. एकदा ती पक्की झाली की प्रॅलिडॉक्झिमचा फारसा उपयोग राहत नाही. म्हणून ‘रात्रभर बघू, सकाळी नेऊ’ हा विचार या विषात परवडत नाही.

बाटलीवर काय पाहायचं? तिरप्या उभ्या चौकोनाचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अतितीव्र विष, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. हे रंग १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ठरवून दिलेले आहेत. लाल रंगाचं औषध असेल तर शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रा प्रयोगातल्या निम्म्या जनावरांना मारायला पुरते. मोनोक्रोटोफॉसवर लाल त्रिकोण असतो. बाटलीसोबत घडी घातलेलं माहितीपत्रक येतं, त्यात विषबाधेची लक्षणं आणि उतारा छापलेला असतो. ते पत्रक बहुतेक धुऱ्यावरच उडून जातं, पण बाटली असली तरी पुरे. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावी, किंवा लेबलचा फोटो काढून पशुवैद्यांना आधीच पाठवावा. सोबत आणखी दोन गोष्टी सांगाव्यात: अंदाजे किती पोटात गेलं आणि केव्हा. कुत्र्याचं वजनही सांगावं, कारण सगळ्या मात्रा वजनावर निघतात.

अंगाला औषध लागलं असेल तर साबण आणि भरपूर पाणी लावून धुवावं. कातडीतून विष आत जात राहतं, आणि कुत्रं अंग चाटून ते पुन्हा पोटात घेतं. धुणाऱ्यानं रबरी हातमोजे घालावेत, नसतील तर हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. तेच विष धुणाऱ्याच्या कातडीतूनही जातं.

फवारणीपेक्षाही घात करणारी गोष्ट घराच्या माळ्यावर असते: उंदराचं औषध. माल घरात आला, तुरीची पोती लागली, की उंदीर येतात, आणि कृषी केंद्रातून काळपट भुकटीची पुडी येते. हे झिंक फॉस्फाईड. शिफारस अशी असते की आधी दोन-तीन दिवस नुसता भरडा तेल लावून ठेवायचा, उंदरांना सवय लावायची, आणि मग त्याच भरड्यात दोन टक्के भुकटी मिसळायची. तेल लावलेला ज्वारीचा भरडा कुत्र्यालाही आवडतो, आणि त्या दोन-तीन दिवसांत सवय त्यालाही लागते. हिशेब करून पाहा. दर किलो वजनामागे २० ते ४० मिलिग्रॅम झिंक फॉस्फाईड जिवावर बेतू शकतं. दहा किलोच्या गावठी कुत्र्याला ३०० मिलिग्रॅम म्हणजे दोन टक्क्यांच्या आमिषाचे जेमतेम १५ ग्रॅम पुरतात. एवढी गोळी तर ते एका घासात गिळतं.

झिंक फॉस्फाईड स्वतः फारसं काही करत नाही. पोटातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की फॉस्फिन वायू सुटतो, आणि तो वायू फुप्फुस, हृदय, यकृत पोखरतो. यावर उतारा नाही. आता घरगुती उपाय काय करतात ते पाहा. पोटात विष आहे म्हणून आपण भाकरी, दूध, दही चारतो. अन्न पडलं की पोटात आम्ल वाढतं, आणि वायू आणखी वेगानं सुटतो. म्हणजे मायेनं दिलेली भाकरीच घात करते. हे विष पोटात गेल्याची शंका असेल तर काही खायला घालू नये, थेट दवाखाना गाठावा. कुत्र्याला उलटी झाली आणि तिला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला, तर लहान मुलांना लांब करावं, दारं-खिडक्या उघडाव्यात, उलटीवर वाकून वास घेत बसू नये. तो वायू माणसालाही बाधतो. गाडीतून नेताना काचा खाली ठेवाव्यात. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांमधून हाच वायू सुटतो, आणि त्या याहून भयंकर आहेत. एक गोष्ट मात्र कुत्र्याच्या बाजूची आहे. उंदराला उलटी करताच येत नाही, म्हणून हे विष त्याला हमखास मारतं. कुत्र्याला उलटी होते, झिंक फॉस्फाईडनं तर पुष्कळदा आपोआप होते, आणि काही कुत्री त्यामुळेच वाचतात.

उंदराचं दुसरं औषध निळ्या-हिरव्या वड्यांचं, ब्रोमॅडिओलोन जातीचं. त्याचा स्वभाव अगदी उलटा, आणि त्यामुळे फसवा. वडी खाल्ल्यावर कुत्रं दोन-तीन दिवस ठणठणीत असतं. खेळतं, जेवतं. घरच्यांना वाटतं, काही झालं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते मलूल पडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा संडासातून रक्त येतं, छातीत रक्त साठून धाप लागते. रक्त गोठवणारे काही घटक यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीनं बनवतं, आणि वापरलेलं ‘के’ शरीर पुन्हा पुन्हा कामाला घेतं. हे औषध नेमकं ते पुन्हा कामाला घेणं बंद पाडतं. आधी बनलेले घटक संपेपर्यंत सगळं बरं दिसतं.

या औषधाचा इतिहास गोठ्यातून सुरू होतो. १९३३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताचा डबा आणि चारा घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. त्याच्या गुरांनी बुरशी लागलेला गोड क्लोव्हर नावाचा चारा खाल्ला होता. लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षांनी त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ शोधला, त्यातून पुढे वॉरफॅरिन घडलं आणि १९४८ साली ते उंदरांसाठी बाजारात आलं. आज तेच वॉरफॅरिन हृदयरोग्यांच्या रक्ताच्या गुठळ्या टाळायला दिलं जातं. त्या शेतकऱ्यानं केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यानं जनावर, रक्त आणि चारा, तिन्ही पुरावे सोबत नेले.

या वड्यांवर खात्रीचा उतारा आहे: जीवनसत्त्व ‘के-१’. रक्तस्राव सुरू होण्याआधी ते सुरू झालं तर बहुतेक कुत्री वाचतात. तेव्हा वडी खाताना पाहिलं असेल तर कुत्रं हसतंखेळतं दिसत असलं तरी त्याच दिवशी दाखवावं.

मिठाच्या पाण्याबद्दल स्पष्टच बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे ते सर्रास पाजतात. उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ रक्तात उतरतं, मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात. विषावर दुसरं विष, एवढाच त्याचा अर्थ. तेल-तुपाचंही तसंच, स्निग्ध पदार्थात विरघळणारं विष त्यामुळे जास्त शोषलं जातं. जबडा वर करून नरड्यात काहीही ओतलं तर ते श्वासनळीत जातं, आणि विषातून वाचलेलं कुत्रं न्यूमोनियानं जातं. झटके येत असताना, शुद्ध नसताना, किंवा रॉकेल, अ‍ॅसिड पोटात गेलं असताना उलटी काढायचीच नसते. ती कधी काढायची आणि कशानं, हे पशुवैद्यांनी ठरवावं. दवाखान्यात देतात तो सक्रिय कोळसा वेगळ्या प्रक्रियेनं केलेला असतो, त्याच्या सूक्ष्म छिद्रांना विष चिकटतं. चुलीतला कोळसा कुटून पाजल्यानं ते होत नाही.

सगळ्याच गोष्टींनी घाबरायचं कारण नाही. युरिया गायीच्या पोटात गेला तर धावाधाव करावी लागते, कारण तिच्या पोटातले जंतू त्याचा अमोनिया करतात. कुत्र्याला त्यानं बहुधा उलटी-संडासच होते. सरकीच्या बियाण्याला लावलेलं इमिडाक्लोप्रिड हे कुत्र्याच्या मानेवर पिसवांसाठी टाकतात त्या थेंबांमध्येही असतं. चार दाणे तोंडात गेले तर विचारून घ्यावं, हातपाय गाळू नयेत. उलट ज्याची भीती वाटत नाही ते कधीकधी नडतं. एरंडीची पेंड सेंद्रिय खत म्हणून येते, पण तिच्यात रिसिन नावाचं जहाल विष राहिलेलं असू शकतं, आणि कुत्री ती चवीनं खातात. मग रक्ताची संडास लागते. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल असतं. गाय-म्हैस ते बऱ्यापैकी पचवते, कुत्र्याला ते सोसत नाही. एकदा तोंड घातल्यानं काही होत नाही, पण गव्हाणीतली ढेप रोज खाणाऱ्या कुत्र्याचं हृदय आठवड्यांमागून आठवडे खंगत जातं. पावसाळ्यात कुत्र्यानं भेक तोंडात धरला तरी फेसासारखी लाळ सुटते आणि घरचे विषबाधा समजून घाबरतात. तोंड खाली धरून, ओल्या कापडानं हिरड्या पुसाव्यात. थरथर सुरू झाली तर मात्र दवाखान्यात न्यावं.

यवतमाळ, पुसद, वणी अशा शहरांतल्या फ्लॅटमधल्या कुत्र्यांची काळजी निराळी. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन आपण काही तासांत बाहेर टाकतो, कुत्र्याला अर्धं बाहेर टाकायलाच सतरा-अठरा तास लागतात. गडद चॉकलेट आणि कोको भुकटी जास्त घातक, दुधाचं त्या मानानं सौम्य. कांदा-लसूण तांबड्या पेशी फोडतो आणि त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल अर्ध्या-पाऊण तासात रक्तातली साखर पाडतं. द्राक्षं आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे बरीच वर्षं माहीत होतं, कारण कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाऊन मूत्रपिंड बिघडलेली कुत्रीही आढळली आहेत. आणि कुत्रं लंगडतंय म्हणून आपली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉलची गोळी त्याला कधी देऊ नये.

दवाखाना कुठला, हे आजच माहीत करून घ्यावं. तालुक्यातले श्रेणी-१ चे पशुवैद्यकीय दवाखाने पशुधन विकास अधिकाऱ्याकडे असतात, श्रेणी-२ मध्ये बहुतेक पशुधन पर्यवेक्षक असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नि:शुल्क क्रमांक आहे. ही पथकं मुख्यतः गुराढोरांसाठी असली तरी फोन करून सल्ला विचारायला काय हरकत आहे? सलाईन, ऑक्सिजन, रक्त चढवणं लागलं तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण ते यवतमाळहून दीडशे किलोमीटरवर. इतक्या लांब नेण्याआधी जवळच्या डॉक्टरांकडून पहिलं इंजेक्शन घेऊन निघावं. झरी जामणी किंवा उमरखेडच्या टोकाच्या गावातून तर याला पर्यायच नाही.

कोणी मुद्दाम विष घातल्याचा संशय असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार तो पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. कुत्रं मेलं असेल तर लगेच पुरू नये. शवविच्छेदन करून पोटातला ऐवज न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवता येतो, आणि तक्रारीला तोच आधार.

वाचून घरी आलेल्या कुत्र्याकडेही लक्ष ठेवावं लागतं. ऑर्गॅनोफॉस्फेटमधून सावरलेलं कुत्रं एक-दोन दिवसांनी पुन्हा मान टाकू शकतं, पाय लुळे पडू शकतात. त्यामुळे त्याला घराबाहेर सोडू नये, आणि अशक्तपणा दिसताच परत न्यावं. ब्रोमॅडिओलोनवरच्या ‘के-१’ च्या गोळ्या तीन-चार आठवडे द्याव्या लागतात, आणि त्या थोडं तूप असलेल्या जेवणासोबत दिलेल्या चांगल्या, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषलं जातं. कुत्रं बरं दिसतंय म्हणून त्या मध्येच बंद केल्या तर रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठायला किती वेळ लागतो, ती तपासणी करून घ्यावी. तोवर त्याला पळवू नये, उंचावरून उडी मारू देऊ नये, आणि माळ्यावर उरलेल्या वड्या गोळा करून त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा बंद पेटीत ठेवाव्यात.